८७६० तासांचं चित्र: इमारतीच्या सिम्युलेशनचे आलेख काढताना आणि वाचताना

एनर्जीप्लस या इमारतीचा ऊर्जावापर काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वर्षभराचं सिम्युलेशन संपलं की हाती येते ती आकड्यांची रास. वर्षाचे तास ८७६०. दहा झोन (एकत्र तापवायचे-थंड करायचे इमारतीचे भाग) आणि प्रत्येक झोनची आठ चलं (तापमान, कूलिंग अशा राशी) मागितली, तर तासागणिक नोंदींतच सात लाखांवर आकडे होतात. टाइमस्टेप, म्हणजे गणिताचा टप्पा, तासाला सहा ठेवला आणि आउटपुटही त्याच पातळीवर मागितलं, तर एकेका चलाच्या ५२,५६० ओळी. मग हात आपसूक लाइन चार्टकडे जातो आणि पडद्यावर उमटतो एक जाडजूड रंगीत पट्टा. हजार पिक्सेल रुंदीच्या आलेखात एकेका पिक्सेलवर जवळपास नऊ तास कोंबलेले असतात. दिवसरात्रीचा चढउतार त्यातच गडप होतो. अशा पट्ट्यातून उन्हाळा गरम आणि हिवाळा थंड असतो एवढंच कळतं, आणि ते सिम्युलेशन न करताही माहीत होतं.

हे आलेख क्लायंटसाठी असतात असा सर्रास समज आहे. पण त्यांचा पहिला वाचक मॉडेल बांधणारा असतो, आणि त्याला त्यात आपल्या चुका शोधायच्या असतात. शेड्यूल (दिवे, माणसं, यंत्रणा यांचं वेळापत्रक) चुकलंय का, सूर्य योग्य वेळी उगवतोय का, एकाच झोनमध्ये हीटिंग आणि कूलिंग भांडतायत का, हे वार्षिक बेरजेत दिसत नाही. पुढचं सगळं त्या नजरेने लिहिलंय. सादरीकरणाचे आलेख यातूनच निघतात, पण नंतर.

आधी फाइल, मग आलेख

चुकीचे आलेख बहुतेक वेळा आलेख काढण्याआधीच चुकलेले असतात. तासागणिक आउटपुटची सीएसव्ही उघडली की पहिल्यांदा ओळी मोजाव्यात. ८७६० च्या जागी ८८०८ निघाल्या, तर वरच्या ४८ ओळी दोन डिझाइन दिवसांच्या आहेत: एक कडाक्याच्या थंडीचा, एक कडक उन्हाचा. यंत्रणेचं आकारमान ठरवण्यासाठीचे ते कल्पित दिवस फाइलीत वर्षाच्या आधी येऊन बसतात. ते तसेच राहिले तर वर्षाचं कमाल आणि किमान दोन्ही खोटं निघतं, आणि कार्पेट प्लॉटमध्ये (तो पुढे येतो) सगळं दोन दिवसांनी सरकतं. सिम्युलेशन कंट्रोलमध्ये सायझिंग पिरियडचं सिम्युलेशन बंद केलं तर ते येत नाहीत. एसक्यूलाइट फाइल, म्हणजे निकालांचा डेटाबेस, वापरत असाल तर एन्व्हायर्न्मेंट पिरियड्स या टेबलात प्रकार ३ म्हणजे हवामान फाइलवरचा खरा रन. तेवढाच गाळून घ्यावा. एसक्यूलाइटचा आणखी एक फायदा आहे. ईएसओ या मूळ निकालाच्या फाइलीतून सीएसव्ही करणारं रीडव्हार्सईएसओ मुद्दाम सांगितल्याशिवाय २५५ चलांवर थांबतं. पन्नास झोनच्या मॉडेलमध्ये शेवटचे झोन गुपचूप गायब होतात आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसरी अडचण वेळेच्या शिक्क्याची. एनर्जीप्लसची नोंद ‘०१/०१ ०१:००:००’ अशी असते: पुढे एक मोकळी जागा, मध्ये दोन, आणि वर्ष नाहीच. हा शिक्का अवधी संपल्याची वेळ सांगतो. म्हणजे एक वाजताची ओळ मध्यरात्री बारा ते एक या तासाची, आणि दिवसाची शेवटची ओळ ‘२४:००:००’. पायथनच्या तारीख वाचणाऱ्या बहुतेक सोयी चोवीस वाजले की कोलमडतात. काही जण त्यावर ‘२४’ च्या जागी ‘००’ घालून मोकळे होतात. मग रोजचा शेवटचा तास त्याच दिवसाच्या पहाटेला जाऊन चिकटतो. सरळ उपाय असा: पूर्ण वर्षाचा तासागणिक रन असेल आणि डिझाइन दिवस काढून ८७६० ओळी उरल्या असतील, तर फाइलीतला शिक्का वाचूच नये. १ जानेवारीच्या मध्यरात्रीपासून ८७६० तासांची आपली स्वतःची क्रमवारी लावावी. शिक्का वाचायचाच असेल तर तारीख आणि तास वेगळे करून तासातून एक वजा करावा.

वर्ष कोणतं घ्यायचं हाही प्रश्न असतो. वर्ष न देता तारीख वाचली तर पायथन १९०० धरतं, आणि त्या वर्षीचा १ जानेवारी सोमवारी आला होता. मॉडेलचा रन रविवारी सुरू झालेला असेल तर सगळे शनिवार-रविवार एका दिवसाने सरकतात. कामाच्या दिवसांची सरासरी काढली की त्यात सुट्टीचा एक दिवस मिसळलेला असतो. रविवारपासून सुरू होणाऱ्या रनसाठी २०१७ किंवा २०२३ घ्यावं. २०२४ नको; ते लीप वर्ष आहे, २९ फेब्रुवारीला चोवीस तासांचं भोक पडतं. टाइमझोनही जोडू नये, कारण घड्याळ पुढेमागे करणाऱ्या प्रदेशाचा टाइमझोन लावला की वसंतातला एक तास नाहीसा होतो आणि शरदात एक तास दोनदा येतो.

हवामानाच्या ईपीडब्ल्यू फाइलीत याच्या उलट खोड आहे. तिथे प्रत्येक ओळीत वर्ष असतं, पण प्रातिनिधिक वर्षाची फाइल वेगवेगळ्या वर्षांचे महिने जोडून केलेली असते. जानेवारी एका वर्षाचा, फेब्रुवारी भलत्याच. तारखेनुसार सॉर्ट केलं की ऑगस्ट जानेवारीच्या आधी येऊ शकतो. वरच्या आठ ओळी शीर्षकाच्या, त्या सोडाव्यात. वर्षाचा स्तंभ दुर्लक्षावा. कोरड्या तापमानात (हवेच्या नेहमीच्या तापमानात) ९९.९ आणि आर्द्रतेत ९९९ दिसलं तर ती नोंद नसल्याची खूण आहे, तापमान नव्हे.

आता एककं. एनर्जीप्लस ऊर्जा ज्यूलमध्ये देतं आणि ऊर्जेचा दर वॅटमध्ये. किलोवॅट-तासासाठी ज्यूलला ३६,००,००० ने भागायचं. २०० चौरस मीटरचा झोन, दर चौरस मीटरला १० वॅटचे दिवे: म्हणजे २ किलोवॅट, तासाला ७२ लाख ज्यूल. दिवसाला १० तास, वर्षाला २६० दिवस धरले तर ५,२०० किलोवॅट-तास, म्हणजे चौरस मीटरला २६. असा एक आकडा हाताने काढून फाइलीतल्या बेरजेशी ताडला की निम्म्या चुका तिथेच सापडतात. तो जुळला नाही तर मल्टिप्लायर, म्हणजे एक झोन किती वेळा मोजायचा तो आकडा, पाहावा. मधले आठ मजले एकाच मजल्यावर भागवले असतील तर झोनच्या आउटपुटमध्ये ५,२०० च दिसतात. एनर्जीप्लसचा मीटर, म्हणजे सगळ्यांची एकत्र बेरीज, मात्र आठपट, ४१,६०० सांगतो. दोन्ही बरोबर असतात, एका आलेखात मिसळले की दोन्ही चूक.

तासांवरून महिन्यावर येताना ऊर्जेची बेरीज आणि तापमानाची सरासरी. हे शेंबड्या पोरालाही कळेल, पण पन्नास स्तंभांवर एकच आज्ञा चालवली की जानेवारीचं तापमान १५,००० अंश निघतं. असा आकडा निदान डोळ्यांत भरतो. ऊर्जेची चुकून सरासरी निघाली तर ती चूक खपून जाते. ‘डिटेल्ड’ वारंवारतेने आउटपुट मागितलं असेल तर आणखी जपावं: तिथे यंत्रणेचे टाइमस्टेप कमीजास्त लांबीचे असतात, म्हणून अवधीचं वजन न लावता काढलेली सरासरी धडधडीत खोटी.

कार्पेट प्लॉट

एकच प्रकार निवडायची वेळ आली तर मी कार्पेट प्लॉट निवडेन, बाकीचे सोडून देईन. आडव्या अक्षावर वर्षाचे ३६५ दिवस, उभ्या अक्षावर दिवसाचे २४ तास, प्रत्येक चौकोनाला त्या तासाच्या आकड्याचा रंग. पूर्ण वर्ष एका नजरेत, आणि एकही तास सरासरीत हरवलेला नाही.

काढायचा तर ८७६० आकड्यांची ३६५ ओळी आणि २४ स्तंभ अशी मांडणी करायची आणि मग ती आडवी-उभी पालटायची. घाईत थेट २४ ओळी आणि ३६५ स्तंभ असं मांडलं तरी प्रोग्रॅम तक्रार करत नाही, कारण गुणाकार तोच. पण मग एकेका ओळीत सलग ३६५ तास बसतात, म्हणजे पंधरा दिवस आणि वर पाच तास, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा पाच तासांनी घसरत जाते. चित्रात तिरपे पट्टे दिसले की समजावं, पालटणं राहिलं. पायथनमध्ये आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबच्या इमशो या आज्ञेत पहिली ओळ वर येते, म्हणजे मध्यरात्र माथ्यावर. ओरिजिन ‘लोअर’ करावं. ॲस्पेक्ट ‘ऑटो’ करावा, नाहीतर चौकोनी पिक्सेलच्या हट्टापायी आलेख रिबिनीसारखा बारीक येतो. इंटरपोलेशन ‘निअरेस्ट’ ठेवावं, म्हणजे शेजारच्या तासांचे रंग एकमेकांत ओघळत नाहीत. चित्राची रुंदी ३६५ च्या पटीत, समजा १,०९५ पिक्सेल घेतली तर दिवसांच्या कडा नीट उमटतात.

वाचायला सुरुवात सूर्यापासून करावी. आडव्या पृष्ठभागावर पडणाऱ्या सौर प्रारणाचा कार्पेट प्लॉट काढला की मधोमध फुगीर आणि टोकांना निमुळता आकार दिसतो. उत्तर गोलार्धात फुगवटा जूनमध्ये, दक्षिणेत कडेला. त्याची वरची आणि खालची कड म्हणजे सूर्यास्त आणि सूर्योदय. दोन्ही कडा दुपारच्या बाराच्या रेषेभोवती साधारण सारख्या हव्यात. आकार तासा-दोन तासांनी वर किंवा खाली सरकलेला असेल तर हवामान फाइलीच्या शीर्षकातला टाइमझोन किंवा रेखांश चुकलाय. तो एक तास तपासला नाही तर पूर्व आणि पश्चिम भिंतींचे सगळे निष्कर्ष डळमळतात.

मग पश्चिमेकडच्या एका ऑफिस झोनचा कूलिंगचा कार्पेट प्लॉट घेऊ. पहिल्यांदा नजरेत भरतात त्या दर आठवड्याच्या दोन रिकाम्या उभ्या पट्ट्या: शनिवार-रविवार. त्या नसतील तर शेड्यूलमध्ये सुट्टीचे दिवस लागलेलेच नाहीत. पट्टी एकच असेल, तर शनिवारचं शेड्यूल पाहा. सोमवारी सकाळचा पहिला चौकोन बाकी दिवसांपेक्षा गडद हवा, कारण दोन दिवस तापलेल्या भिंती आणि फरशी यंत्रणेला एकदम ओढून खाली आणायची असते. तो गडद नसेल तर दोन शक्यता: यंत्रणा सुट्टीतही चालू आहे, किंवा बांधकामात वस्तुमानच नाही; सगळ्या भिंती नुसत्या रोधकतेच्या आकड्याने भरल्यायत.

तीन ते सहाच्या दरम्यान एक गडद ढग दिसायला हवा, पश्चिमेच्या उन्हाचा. हिवाळ्यात सूर्य लवकर आणि नैऋत्येकडे मावळतो, त्यामुळे ढग थोडा अलीकडे सरकतो आणि फिका होतो. हा ढग पश्चिमेच्या झोनमध्ये सकाळी नऊला दिसला तर इमारत उलटी फिरवली गेलीये. उत्तरेचा कोन घड्याळाच्या दिशेने मोजायचा की उलट, हा गोंधळ जुनाच आहे. ढगाच्या आत एखादी सरळसोट कड, एखाद्या तारखेला सगळं एकदम थांबलेलं, असं दिसलं तर ती निसर्गाची नसते. यंत्रणेचं ऋतुनिहाय शेड्यूल किंवा पडद्यांचं नियंत्रण त्या दिवशी बदललेलं असतं. निसर्गाच्या कडा विरत जातात; माणसाने लिहिलेल्या कडा सुरीने कापल्यासारख्या असतात.

वसंतात आणि शरदात वेळापत्रकाच्या सगळ्या कडा एकदम एका तासाने वर-खाली सरकल्या आणि सूर्याचा आकार मात्र अखंड राहिला, तर ती घड्याळबदलाची खूण. घड्याळ बदलणाऱ्या प्रदेशात ती हवीच, बाकीच्या ठिकाणी ती हवामान फाइलीतून किंवा कुठूनतरी उचललेल्या टेम्प्लेटमधून शिरलेली असते.

सगळ्यात बोलका नमुना म्हणजे मिठात मिरी सांडल्यासारखी ठिपक्यांची नक्षी. हीटिंग लाल आणि कूलिंग निळं असं एकाच पटावर उमटवलं आणि मधल्या ऋतूंत लाल-निळे ठिपके शेजारी शेजारी आले, तर दोन सेटपॉइंट (हीटिंग आणि कूलिंग ज्या तापमानांना सुरू होतात ते) एकमेकांना खेटलेले आहेत. २१ आणि २४ मध्ये तीन अंशांची मोकळी पट्टी असते. कुणीतरी २२ आणि २२.५ केलं की सकाळी तापवायचं, दुपारी गार करायचं, संध्याकाळी पुन्हा तापवायचं असा खेळ सुरू होतो. वार्षिक बेरजेत हे फक्त ‘वापर जरा जास्त’ एवढंच दिसतं.

उतरत्या क्रमाची रेषा

यंत्रणा केवढी घ्यायची हा प्रश्न असेल तर ८७६० आकडे मोठ्यापासून लहानापर्यंत लावून रेषा काढावी. तिला लोड ड्युरेशन कर्व्ह म्हणतात. डाव्या टोकाचा उंच सुळका किती अरुंद आहे ते पाहायचं: वरचा एक टक्का म्हणजे जेमतेम ८८ तास. त्या ८८ तासांसाठी क्षमता वाढवायची की थोडी गैरसोय चालवून घ्यायची, हा निर्णय या आलेखावरच घेता येतो. मधला लांबलचक सपाट भाग सांगतो की यंत्र वर्षातला बहुतेक काळ किती कमी भारावर चालणार आहे.

एकच सावधानता, पण मोठी. प्रत्येक झोनची रेषा वेगळी उतरवून मग त्या एकावर एक रचू नयेत. पूर्वेच्या झोनचा शिखरभार सकाळी येतो, पश्चिमेचा दुपारी; उतरवताना वेळ पुसली जाते आणि न भेटणारी शिखरं एकमेकांच्या डोक्यावर चढतात. आधी तासातासाची बेरीज, मग उतरता क्रम.

उष्णतेचा ताळेबंद

रचलेल्या स्तंभांचा हा आलेख सगळ्यांना हवा असतो आणि बहुतेक वेळा चुकतो. काचेतून आलेलं ऊन, दिवे, माणसं, उपकरणं, भिंतींतून गळती, हवेची घुसखोरी. वर मिळकत, खाली खर्च, आणि दोन्ही बाजू जुळायला हव्यात. जुळत नाहीत. कारण काचेतून आत आलेलं ऊन त्याच क्षणी हवेला तापवत नाही. ते आधी फरशीत आणि भिंतीत शोषलं जातं आणि काही तासांनी हवेत उतरतं. दिव्यांच्या उष्णतेचा प्रारित भागही तसाच. म्हणजे ‘पारेषित सौर ऊर्जा’ हे चल आणि ‘कूलिंग’ हे चल दोन वेगळ्या हद्दींवर मोजलेलं आहे.

त्यामुळे आधी हद्द ठरवावी. हद्द झोनमधली हवा असेल तर एनर्जीप्लसची झोन एअर हीट बॅलन्सची चलं घ्यावीत: अंतर्गत संवहन, पृष्ठभागांवरून संवहन, बाहेरची हवा, शेजारच्या झोनची हवा, यंत्रणेची हवा आणि हवेतला साठा. यांचा हिशोब पैशाला पैसा जुळतो, पण ‘खिडकीमुळे किती’ हे त्यात दिसत नाही, कारण ऊन ‘पृष्ठभाग’ या एका नावाखाली लपतं. हद्द झोनचा बाहेरचा कवच असेल तर खिडकी, भिंत, छत वेगळे दिसतात, पण वस्तुमानातला साठा हा एक घटक दाखवावाच लागतो. महिन्याच्या पातळीवर तो लहान असतो, तासाच्या पातळीवर सगळ्यांपेक्षा मोठा असू शकतो.

आयडियल लोड्स, म्हणजे खऱ्या यंत्राऐवजी लागेल तेवढी गरम-थंड हवा देणारी कल्पित यंत्रणा, वापरत असाल तर आणखी एक फसवणूक आहे. ‘सप्लाय एअर टोटल कूलिंग’ या चलात बाहेरून घेतलेली ताजी हवा थंड करण्याचा भार धरलेला असतो. ‘झोन टोटल कूलिंग’मध्ये तो नसतो. नावं इतकी सारखी की यादीतून निवडताना बोट घसरतं. शिवाय दोन्ही औष्णिक भार आहेत, वीज नव्हे. विजेच्या आकड्यांशेजारी मांडायचे तर आधी सीओपीने, म्हणजे एका युनिट विजेमागे यंत्र किती उष्णता हलवतं त्या आकड्याने, भागावं. तो ३ असेल तर ९० चे ३० होतात.

महिन्याची बेरीज करताना धन आणि ऋण आधी वेगळे करावेत. भिंतीतून दिवसा उष्णता आत येते, रात्री बाहेर जाते. थेट बेरीज केली की दोन्ही एकमेकांना खातात आणि वाईट भिंत शहाणी दिसते. तासाच्या पातळीवर शून्यावरचे आकडे एका स्तंभात, शून्याखालचे दुसऱ्या, आणि मग बेरीज. खिडक्यांसाठी एनर्जीप्लस मिळकत आणि गळती ही दोन चलं मुळात वेगळीच देतं. पायथनच्या पांडाजमध्ये रचलेला एरिया चार्ट काढताना एकाच स्तंभात धन-ऋण मिसळलेले असतील तर तो चूक दाखवून थांबतो. लोक त्यावर चिडतात, पण तो बरोबर बोलत असतो.

आराम

२६ अंशांच्या वर किती तास गेले, हा प्रश्न कोणत्या तासांपैकी हे ठरवल्याशिवाय निरर्थक. २६० तास म्हणजे वर्षाच्या ८७६० पैकी तीन टक्के. पण ऑफिस दिवसाला १० तास, आठवड्याला पाच दिवस चालत असेल तर वापराचे तास २,६००, आणि तेच २६० तास दहा टक्के होतात. माणसं नसलेले तास आलेखातून काढून टाकावेत. शून्य करू नयेत, रिकामे ठेवावेत.

यांत्रिक कूलिंग नसलेल्या, लोक स्वतः खिडक्या उघडतात अशा इमारतीसाठी अ‍ॅश्रे ५५ या आरामाच्या अमेरिकी मानकाचा अनुकूली आलेख काढतात. आडव्या अक्षावर बाहेरच्या हवेची गेल्या काही दिवसांची चालती सरासरी, उभ्या अक्षावर आतलं ऑपरेटिव्ह तापमान, म्हणजे हवा आणि आजूबाजूचे पृष्ठभाग यांचं मिळून जाणवणारं. मधली रेषा ०.३१ गुणिले बाहेरचं तापमान अधिक १७.८, दोन्ही बाजूंना ३.५ अंश सोडले की ८० टक्के लोकांना चालेल असा पट्टा. बाहेर २० असेल तर मध्य २४.०, पट्टा २०.५ ते २७.५. रेषा १० ते ३३.५ अंशांच्या पलीकडे ओढू नये, तिथे सूत्र लागू नाही. उभ्या अक्षावर नुसतं हवेचं तापमान टाकणं ही नेहमीची चूक. तापलेल्या छताखाली हवा २७ ला असताना ऑपरेटिव्ह तापमान २९ असू शकतं, आणि माणसाला तेच जाणवतं. २,६०० ठिपके एकमेकांवर चढतात, म्हणून ठिपक्याची अपारदर्शकता ०.१ ठेवावी किंवा षटकोनी खणांत मोजणी दाखवावी.

सायक्रोमेट्रिक आलेखावर (हवेचं तापमान आणि तिच्यातली वाफ) ठिपके संपृक्त रेषेच्या, म्हणजे १०० टक्के आर्द्रतेच्या, वर गेले तर हवेचा दाब तपासावा. समुद्रसपाटीचा १,०१,३२५ पास्कल धरून रेषा काढली आणि जागा २,००० मीटर उंचीवर असली, जिथे दाब सुमारे ७९,५०० असतो, तर हेच होतं.

रंग

‘जेट’ नावाची इंद्रधनुषी रंगमाला अजूनही जागोजागी दिसते. तिच्यात पिवळ्या आणि आकाशी रंगाचे पट्टे उजळ असल्यामुळे डोळ्याला तिथे कड भासते, आकड्यांत काही नसताना. मॅटप्लॉटलिबने २०१७ साली २.० आवृत्तीत ती मूळ निवड म्हणून काढली आणि व्हिरिडिस आणली. तिच्यात उजळपणा एकसारखा चढतो, त्यामुळे कृष्णधवल छपाईतही क्रम टिकतो आणि लाल-हिरव्यात फरक न दिसणाऱ्यांनाही वाचता येतं. दोन पर्यायांतला फरक दाखवायचा असेल तर मध्यावर पांढरा आणि दोन बाजूंना दोन रंग, आणि मध्य शून्यावरच, दोन्ही टोकं सारख्या अंतरावर. ती आपोआप ठरू दिली तर −२ ते +९ अशा पल्ल्यात पांढरा रंग ३.५ वर जाऊन बसतो.

शेजारी ठेवलेल्या दोन कार्पेट प्लॉटची रंगपट्टी एकच हवी. प्रत्येकाला आपापलं कमाल-किमान घेऊ दिलं की चांगली आणि वाईट इमारत सारखीच दिसते. एखाद्या विचित्र तासामुळे सगळा पट फिका पडत असेल तर पल्ला १ ते ९९ पर्सेंटाइलमध्ये बांधावा आणि पलीकडच्या आकड्यांना वेगळाच रंग द्यावा, म्हणजे लपवल्यासारखं होत नाही. नोंद नसलेला तास राखाडी. शून्याच्या रंगात कधीच नाही.

त्रिमितीय मॉडेलवर रंग चढवण्याचा मोह आवरावा. झोनचं सरासरी तापमान भिंतींना फासलेलं पाहून काही कळत नाही, आणि मागची बाजू झाकलेलीच राहते. जागेनुसार खरोखर बदलणाऱ्या गोष्टींसाठी, म्हणजे दर्शनी भागावरचं सौर प्रारण किंवा खोलीतला दिवसाचा उजेड, लेडीबग आणि हनीबी या साधनांनी काढलेले पट उत्तम. उजेडाच्या जाळीत मात्र रंग गुळगुळीत करू नयेत. खिडकीजवळचे ३,००० लक्स आतल्या भिंतीच्या पलीकडे झिरपलेले दिसतात. ठोकळे दिसू द्यावेत.

अनेक पर्याय

पाच घटक आणि प्रत्येकी चार पर्याय म्हणजे १,०२४ रन. सगळ्यांचे तास ठेवले तर एका चलाच्याच जवळपास ९० लाख ओळी. वार्षिक आकडे वेगळ्या तक्त्यात काढून तासांचा ढीग पार्केट या आटोपशीर प्रकारच्या फाइलींत बाजूला ठेवावा. समांतर अक्षांचा आलेख (प्रत्येक घटकाला एक उभा अक्ष, प्रत्येक रनची एक रेषा) इथे चालतो, पण पडद्यावर, हाताने गाळणी लावता येत असेल तरच. कागदावर तो १,०२४ दोऱ्यांचा गुंता होतो. अक्षांचा क्रमही महत्त्वाचा, कारण संबंध फक्त शेजारच्या अक्षांतच दिसतो: काचेचं प्रमाण आणि काचेचा सौर गुणांक (ती किती ऊन आत सोडते) शेजारी ठेवावेत. छापायचं असेल तर मूळ रचनेपासूनचा फरक दाखवणारे आडवे स्तंभ पुरेत.

मोजलेलं आणि काढलेलं

चालू इमारतीच्या मीटरशी मॉडेल ताडताना प्रातिनिधिक हवामानाची फाइल चालत नाही. त्याच वर्षाचं प्रत्यक्ष हवामान लागतं. मीटरचा शिक्का अनेकदा अवधीच्या सुरुवातीचा असतो आणि सिम्युलेशनचा शेवटचा, म्हणून एका तासाची तफावत आधी मिटवावी. अ‍ॅश्रे गाइडलाइन १४ नुसार मासिक आकड्यांत सरासरी कल (एकूण चूक कुठल्या बाजूला किती झुकते) ±५ टक्के आणि सीव्ही-आरएमएसई (एकेका आकड्याची चूक किती विखुरलेली आहे) १५ टक्क्यांच्या आत हवा. तासागणिक असेल तर ±१० आणि ३०.

मोजलेल्यातून काढलेलं वजा करून उरलेल्याचा कार्पेट प्लॉट काढला की मॉडेल कुठे चुकतंय ते थेट दिसतं. कल एक टक्का आणि सीव्ही-आरएमएसई ४० असलेल्या मॉडेलमध्ये बहुधा सकाळी सहा ते आठ लाल पट्टी (मोजलेलं जास्त) आणि संध्याकाळी निळी पट्टी (मोजलेलं कमी) असते: इमारत शेड्यूलपेक्षा लवकर सुरू होते, लवकर बंद होते, आणि बेरजेत दोन्ही फिटतात. रात्रभर सारखाच फिका लाल थर असेल तर सर्व्हर, फ्रीज, जिन्यातले दिवे असा पायाभूत भार मॉडेलमध्ये राहून गेलाय. आणि तोच लाल रंग फक्त उन्हाळ्यातल्या दुपारी, बाहेरच्या तापमानाबरोबर गडद होत गेला, तर शेड्यूलला हात लावू नये. काचेचा सौर गुणांक आणि यंत्राचा अर्ध्या भारावरचा वक्र तपासायला घ्यावा.